ऐन घाईच्या कामात देवाला विचारता का? आणि उत्तर आलं हे ओळखता कसं?

गोधडी | सोमवार, रात्री १०:४०

धागा काढावा की नाही यात दोन दिवस गेले. (याबाबत देवाला विचारलेलं नाही, आधीच सांगते.)

गेल्या आठवड्यात बाबांना इन्शुलिन सुरू झालं. सिस्टरनी पेन कसं वापरायचं ते दोनदा दाखवलं, एकदा माझ्याकडून करून घेतलं आणि "जमेल हो तुम्हाला" म्हणून घरी पाठवलं. पहिल्या रात्री पेन हातात घेतलं आणि हात असा थरथरायला लागला की सुई कातडीपर्यंत नेववेना. बाबा शर्ट वर करून बसलेले. माझ्याकडे बघितलं तर मी आणखी घाबरेन म्हणून बिचारे छताकडे बघत होते. मी मनात म्हटलं, "देवा, आता तूच हात धर." आवाज वगैरे काही आला नाही. पण हात थांबला. टोचलं, दहापर्यंत मोजलं, सुई काढली. बाबा विचारतात, "टोचतेयस ना?"

चार दिवसांनी एक ऑनलाइन अर्ज भरायचा होता. शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा, पान सारखं अडकतंय. पुन्हा तेच म्हटलं, तितक्याच मनापासून म्हटलं आणि बटण दाबलं. अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी पाहते तर खाते क्रमांकातल्या दोन आकड्यांची अदलाबदल झालेली. आता दुरुस्तीचा अर्ज वेगळा, त्याची मुदत शुक्रवारपर्यंत, आणि ते पान उघडायचाच धीर होत नाहीये.

पहिल्या वेळी देव होता आणि दुसऱ्या वेळी कुठेतरी गेला होता, असं काही माझ्याच्याने म्हणवत नाही. मग नक्की काय झालं? मोठ्या संकटातलं नको, ते सगळेच सांगतात. रोजच्या, डोकं फिरवणाऱ्या कामांमध्ये तुम्ही देवावर विसंबता का, आणि कसे?

देव आहे की नाही यावर हा धागा नाही. (पण तो तिकडेच जाणार हे माहीत आहे.)

सतराचा_पाढा | रात्री १०:४६

गेलाच समजा.

मी नास्तिक आहे आणि तुम्ही केलंत तेच मी करतो, फक्त देवाचं नाव न घेता. लिफ्ट मध्येच बंद पडली, मीटिंगमध्ये अचानक माझ्याकडे बोट आलं, दाताच्या डॉक्टरांनी खुर्ची मागे केली, की मी मनात सतराचा पाढा म्हणतो. एकशे छत्तीसपर्यंत पोचलो की छाती धडधडायची थांबते. यात सतराचा काही चमत्कार आहे असं मी म्हणत नाही. हेच म्हणणं देवाबद्दलही आहे.

विसरभोळा | रात्री १०:५०

सकाळपासून घराची किल्ली सापडत नाहीये. देवाला विचारलं. आतून स्पष्ट आलं: गादीखाली बघ. बघितलं. गेल्या वर्षी हरवलेला रिमोट मिळाला. आता या मार्गदर्शनाला किती गुण द्यायचे?

हिरवा_दिवा | रात्री १०:५३

@विसरभोळा, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). रिमोट आधीच्या अर्जाचा निकाल असेल, तुमच्या किल्लीचा नंबर अजून लागायचाय.

माझं सांगते. गाडी शिकून तीनच महिने झालेत. बसायच्या आधी नाव घेते, रिव्हर्स घेताना नाव घेते, मागून कोणी हॉर्न मारला की मोठ्याने घेते. फक्त एक शिकले, प्रार्थना करताना डोळे मिटायची लहानपणची सवय गाडीत मोडावी लागते. परवा तुडुंब गर्दीत फिरून फिरून रडकुंडीला आले होते, "देवा, एवढी एक जागा दे" म्हटलं आणि समोरची गाडी निघाली. योगायोग म्हणा हवं तर. मी धन्यवाद म्हणून टाकलं.

चष्मिष्ट | रात्री ११:०२

गोधडी, एक साधा प्रश्न. दोन्ही वेळी "हात धर" म्हणून झाल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात तुम्ही नेमकं काय केलंत? आठवत असेल तर लिहा.

तळटीप | रात्री ११:३०

धागा वाचला आणि थेट गीतेचा पहिला अध्याय आठवला. आपण त्याला मोठं तत्त्वज्ञानाचं प्रकरण समजतो, पण तिथे अर्जुन स्वतःच्या तब्येतीची जी तक्रार सांगतो ती बघा. अंग गळून जातंय, तोंडाला कोरड पडलीय, कापरं भरलंय, अंगावर काटा आलाय, कातडीची आग होतेय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. आणि "गाण्डीवं स्रंसते हस्तात्", धनुष्य हातातून निसटतंय. हातच थरथरतोय त्याचा! गोधडी, तुम्ही एकट्या नाही.

आता पुढची गंमत. सारथ्याच्या जागी प्रत्यक्ष देव बसलेला आहे. तो म्हणू शकला असता की ठेव ते धनुष्य, मी बघतो. तसं तो म्हणत नाही. सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात म्हणतो: याचा पुरता विचार कर आणि "यथेच्छसि तथा कुरु", तुला हवं तसं कर. मार्गदर्शनाचा शेवट "तू ठरव" इथे होतो. मला हे फार मोलाचं वाटतं. देवाला विचारणं म्हणजे ठरवण्याचं काम त्याच्या गळ्यात घालणं नव्हे.

नितळ | रात्री ११:४१

@तळटीप, तीनच श्लोक पुढे वाचा की. ६६वा. "सर्वधर्मान् परित्यज्य मामेकं शरणं व्रज." सगळं सोडून मला एकट्याला शरण ये. त्याचं काय करायचं? सोयीचा श्लोक घ्यायचा आणि थांबायचं?

शिवाय "मी बघतो" म्हटलंच नाही हेही अर्धसत्य. शस्त्र धरणार नाही म्हणाला होता, तरी भीष्मांवर चक्र घेऊन धावला होता.

तळटीप | रात्री ११:५८

@नितळ, पकडलंत. पण मग आणखी सात श्लोक पुढे जाऊ. ७३व्यात अर्जुनाचं उत्तर आहे: "स्थितोऽस्मि", उभा राहिलोय, संशय गेला, "करिष्ये वचनं तव". करीन म्हणतो तो. शरण जाऊन झाल्यावरही बाण अर्जुनालाच मारायचे आहेत. म्हणजे शरण जाणं आणि करणं ही दोन टोकं नाहीत, असं मी वाचतो. भीष्मांच्या प्रसंगात अर्जुनानेच पाय धरून त्याला मागे आणलं, हेही लक्षात घ्या.

पायरी | मंगळवार, सकाळी ६:१५

आईला विस्मरणाचा आजार आहे. "आपण कुठे आहोत गं?" हा प्रश्न ती दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारते. मी प्रत्येक उत्तराआधी मनात एकदा देवाचं नाव घेते. मला त्याच्याकडून उत्तर नको असतं. उत्तर माहीतच आहे, "घरी". मला हवा असतो तो आवाज, चाळिसाव्या वेळीही पहिल्यासारखा निघालेला.

कधी मिळतो, कधी नाही. परवा ओरडले तिच्यावर. ती घाबरली आणि दोन मिनिटांत विसरली. मी विसरले नाही.

पांढरा_कोट | सकाळी ७:४०

परिचारिका आहे, म्हणून देवाआधी पेनकडे वळते. गोधडी, रोज जागा बदलताय ना? आधीच्या टोचल्यापासून निदान बोटभर अंतर ठेवायचं, नाहीतर तिथे गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. प्रत्येक वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब येतो का बघायचं. आणि किती युनिट लावलेत तो आकडा दोनदा वाचायचा, नाव कितीही वेळा घ्या.

आता देवाबद्दल. रात्रपाळीला मीही नाव घेते. पण औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचून झाल्यावर. वाचायच्या आधी घेतलं तर मन आधीच निवांत होतं, आणि निवांत मनाला वाटतं की वाचलंय. हे माझं निरीक्षण, शास्त्र नव्हे.

चष्मिष्ट | सकाळी ७:५२

पांढरा_कोट यांचा शेवटचा परिच्छेद माझ्या प्रश्नाला जोडून वाचावा, ही धागाकर्तीला विनंती.

उंबरठा | सकाळी ९:२०

मी इथे सहसा लिहीत नाही. वरचं पार्किंगचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

बहिणीच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी दोन पर्याय दिले होते. दोन्हींची बाजू सारखीच होती, निर्णय घरच्यांवर होता. आम्ही सगळ्यांनी विचारलं. रोज, तासन् तास. शेवटी सगळ्यांना एकच उत्तर आल्यासारखं वाटलं, त्याच्या आधाराने आम्ही सही केली. ती गेली.

दुसरा पर्याय घेतला असता तर वाचली असती असं कोणी सांगू शकत नाही, हे मला कळतं. पण कोणी म्हणालं की देवाने मला गर्दीत गाडी लावायला जागा करून दिली, की मला त्या देवाशी एक अक्षर बोलायची इच्छा राहत नाही. हिरवा_दिवा, तुमच्यावर राग नाही.

हिरवा_दिवा | सकाळी ९:३१

वाचलं. काय लिहू कळत नाही. माझं वाक्य तिथेच ठेवते, पुसलं तर तुमचं लिहिणं लोंबकळत राहील.

गोधडी | सकाळी ९:४५

@उंबरठा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. लिहिलंत, बरं केलंत.

@पांढरा_कोट, जागा बदलतेय. थेंब बघायचं एकदा विसरले होते, आता नाही विसरणार.

@चष्मिष्ट, आठवून लिहिते. थोडा वेळ द्या.

खडूफळा | सकाळी ११:०५

मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं शिकवण्यासारखं होईल, हलके घ्या.

अडचणीत माणसं देवाला कशी धरतात यावर मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली एक मांडणी केली. तीन तऱ्हा. एक, देवाने बुद्धी दिलीय, आता माझं मी बघतो. दोन, मी काही करत नाही, तोच बघेल. तीन, तो आणि मी मिळून करतो. तिसऱ्या तऱ्हेच्या लोकांना स्वतःच्या क्षमतेबद्दल जास्त विश्वास वाटत होता, दुसऱ्या तऱ्हेच्यांना कमी. यातून लगेच "सोपवणं वाईट" असा निष्कर्ष काढू नका. सोपवल्याने माणूस ढिला पडतो, की आधीच खचलेला माणूस सोपवतो, हे अशा पाहणीतून कळत नाही. आणि जिथे आपल्या हातात खरोखर काहीच उरलेलं नसतं तिथे सोपवण्यानेच माणूस तग धरतो, असंही पुढच्या अभ्यासांत दिसलंय.

म्हणजे प्रश्न देवावर विसंबता का हा नाहीच. समोरच्या कामात आपल्या हातात किती आहे, त्यावर कुठली तऱ्हा चालेल ते ठरतं. पायरी यांच्या आईचा आजार त्यांच्या हातात नाही, आवाज थोडासा आहे. अर्ज बऱ्यापैकी हातात होता.

रानवाट | सकाळी ११:२०

म्हणजे संशोधकांना कळायला १९८८ साल उजाडलं. आपल्या जनाबाईला केव्हाच ठाऊक होतं. तिचा विठोबा दळायला येतो तेव्हा "जनी, तू नीज, मी दळतो" म्हणून तिला घालवून देत नाही. खुंट्याला दोघांचेही हात असतात.

नितळ | सकाळी ११:२६

@रानवाट, छान आहे, पण "आपल्याकडे आधीच होतं" हा सूर लागला की माझा हात आपोआप कीबोर्डकडे जातो. आपल्याकडेच "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" ही म्हणसुद्धा होती. टिंगल करायला का होईना, खाटल्यावर पडून राहणारे भरपूर असल्याशिवाय अशी म्हण तयार होत नाही.

मुक्काम | दुपारी १:१५

माझी गोष्ट उलट्या बाजूची आहे. काही वर्षांपूर्वी मी प्रत्येक गोष्ट देवाला विचारायला लागलो. कुठला शर्ट, कुठला रस्ता, मेल आत्ता पाठवू की जेवून. पोथी डोळे मिटून उघडायची आणि बोट ठेवलेल्या ओळीत उत्तर शोधायचं. मनासारखं आलं नाही की पुन्हा उघडायची. एका नोकरीच्या पत्राला "हो" कळवायला मी अकरा वेळा पोथी उघडलीय. अकराव्या वेळी जे आलं ते देवाचं, आधीची दहा कोणाची?

तोवर कामाचा ताण बाजूलाच राहिला, विचारण्याचाच ताण सुरू झाला. चुकीचं ऐकलं तर? नीट विचारलं नाही तर? शेवटी समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी देव सोडा असं कधीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "विचारून झाल्यावर मोकळं वाटतं की पुन्हा विचारावंसं वाटतं?" मला कायम पुन्हा विचारावंसं वाटायचं. तिथून हळूहळू सुटलो. आजही प्रार्थना करतो, पण त्यात प्रश्नचिन्ह येऊ देत नाही.

सतराचा_पाढा | दुपारी १:२२

@मुक्काम, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. माझं पाढ्यातही असं झालं होतं, एकशे छत्तीसला शांत वाटलं नाही तर पुन्हा सतरा एकेपासून. बायकोने एकदा बाहेर बसून पंचवीस मिनिटं वाट पाहिली.

चांदणवेल | दुपारी २:४०

मुक्काम यांच्यावरून आमच्या इस्तिखाऱ्याबद्दल लिहिते. एखाद्या कामाचं ठरत नसेल तर दोन रकात (नमाजाच्या दोन फेऱ्या) नफल, म्हणजे ऐच्छिक, नमाज आणि त्यानंतर ठरलेली दुआ: या कामात माझं भलं असेल तर ते मला सोपं कर, नसेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर ठेव, आणि भलं जिथे असेल तिथे मला राजी कर. बऱ्याच जणांना वाटतं की यानंतर रात्री स्वप्न पडायलाच हवं, पांढरं दिसलं तर होकार, काळं दिसलं तर नकार. दुआच्या शब्दांत स्वप्नाचा उल्लेखच नाही. माझ्या वडिलांनी शिकवलं ते असं: जाणत्या माणसांशी मसलत कर, इस्तिखारा कर आणि कामाला लाग. काम सोपं होत गेलं किंवा अडत गेलं, तेच उत्तर.

मला सगळ्यात आवडतो तो "राजी कर" हा शेवट. कौल मागून झाल्यावर जे होईल ते पचवायची ताकदही त्याच दमात मागून ठेवलेली.

विसरभोळा | दुपारी २:४८

किल्ली अजून नाही. जाणत्या माणसाशी मसलत केली. ती म्हणाली, "तुम्ही नेहमीच असे."

घंटानाद | दुपारी ४:१०

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट (ख्रिस्ती संन्याशांचा एक पंथ) मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे सेवक होते. अनेक वर्षं काम स्वयंपाकघरात, आणि गंमत म्हणजे त्यांना त्या कामाचा मनापासून कंटाळा होता. त्यांचं म्हणणं असं की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ वेगळी नाहीच. भांड्यांच्या खणखणाटात, चार जण एकाच वेळी चार गोष्टी मागत असतानाही देव तितकाच जवळ. १६९१ साली ते गेले, आणि त्यांची थोडीशी पत्रं आणि संभाषणं आजही लोक वाचतात.

मला त्यांच्यातलं काय भावतं, तर चूक झाल्यावरचं वागणं. चूक कबूल करायची आणि जास्त न कुढता कामाला परत जायचं. गोधडी, तुमचा अर्ज चुकला त्यात "देव कुठे होता" हा प्रश्न मला तितका मोठा वाटत नाही. चुकल्यावर ते पान उघडायचाच धीर होत नाहीये, तिथे त्याची गरज जास्त आहे.

नितळ | दुपारी ४:३०

वरच्या सगळ्यांना एक प्रश्न. उत्तर आलं हे ओळखायचं कसं, यावर अजून कोणीच सरळ बोललेलं नाही. धाग्याच्या शीर्षकात आहे तो.

तळटीप | दुपारी ४:४४

ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसची साक्ष काढतो. त्याला लहानपणापासून एक आतला आवाज येत असे, आणि तो आवाज फक्त अडवत असे. हे कर, असं कधीच सांगत नसे. इ.स.पू. ३९९ मध्ये, ज्या खटल्यात त्याला मृत्युदंड झाला त्या दिवशी तो घरातून निघाला तेव्हा आवाजाने अडवलं नाही, म्हणून मरण ही काही वाईट गोष्ट नसावी, असा निष्कर्ष त्याने काढला. माझाही अनुभव थोडा असाच. रागाचा मेल लिहून पाठवायच्या क्षणी आत काहीतरी अडतं. पाठव असं मात्र आजवर आतून कोणी सांगितलेलं नाही.

विसरभोळा | दुपारी ४:४७

माझाही आवाज फक्त "नको" म्हणतो. रोज पहाटे साडेपाचला, व्यायामाचा गजर झाला की.

खडूफळा | संध्याकाळी ५:१५

@नितळ, बाहेरून ओळखता येईल अशी खूण नाही, असं माझं मत. पण जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांचा (१४९१–१५५६) एक नियम देवाला न मानणाऱ्यांनाही वापरता येतो: मन उदास, गढूळ झालेलं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. घाबरलेल्या मनाला जे "उत्तर" ऐकू येतं ते बहुतेक भीतीचंच असतं. त्यामुळे आधी शांत व्हा, मग ऐका. हा क्रम उलटा झाला की मुक्काम यांच्यासारखी फरफट होते.

@सतराचा_पाढा, तुमच्यासाठी एक बातमी आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तेवीस निरोगी लोकांवरचा एक छोटा अभ्यास आला होता. लॅटिनमध्ये रोझरी (ख्रिस्ती जपमाळ) म्हणताना आणि "ॐ मणिपद्मे हूँ" हा बौद्ध मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास संथ होत होता आणि हृदयाची लय सुधारत होती.

सतराचा_पाढा | संध्याकाळी ५:२१

हेच तर म्हणत होतो! श्वास. बाकी सगळी सजावट.

पायरी | संध्याकाळी ५:५०

@सतराचा_पाढा, श्वास संथ होतो हे खरंच असेल. पण रात्री दोन वाजता आईच्या खोलीत मी एकटी असते तेव्हा मला संथ श्वास नको असतो, कोणीतरी सोबत हवं असतं. तुमच्या पाढ्यात तसं कोणी असतं का? वाद घालत नाहीये, खरंच विचारतेय.

सतराचा_पाढा | संध्याकाळी ६:३०

@पायरी, बराच वेळ विचार केला. पाढे वडिलांनी पाठ करून घेतले होते, रोज संध्याकाळी, त्यांच्या शेजारी बसून. सतराच्या पाढ्याला नेहमी अडायचो.

एवढंच सांगतो. देवाचा मुद्दा अजून मान्य नाही.

उंबरठा | रात्री ८:०५

सगळं वाचलं. घंटानाद, चांदणवेल, पायरी, तुमचं जास्त. मी देवाला काही विचारत नाही, अजूनही. "भांडणं हेसुद्धा बोलणंच" असं कृपया कोणी लिहू नका, खूप जणांनी सांगून झालंय. पायरी, रात्री दोनला जागी असते मी. व्यक्तिगत निरोप केलाय.

गोधडी | बुधवार, रात्री ९:१०

चष्मिष्ट, आठवलं ते लिहिते, प्रामाणिकपणे.

इन्शुलिनच्या वेळी "हात धर" म्हटल्यावर मी सिस्टरनी शिकवलेलं एकेक करत गेले. आकडा बघितला, बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. जागा पुसली. टोचलं. मनात दहापर्यंत मोजलं. म्हणजे "तूच सांग" म्हणायच्या आधीच सांगणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलेलं होतं, मला ते ऐकू येत नव्हतं, एवढंच.

अर्जाच्या वेळी "हात धर" म्हटल्यावर मी बटण दाबलं. मध्ये काहीही नाही. आणि खरं सांगायचं तर मी हात धर म्हणतच नव्हते. "हे एकदाचं संपू दे" असं म्हणत होते. तेवढं ऐकलं गेलं, संपलं.

आता दुरुस्तीचं पान उघडतेय. कोणी जागं असेल तर थांबा दहा मिनिटं.

हिरवा_दिवा | रात्री ९:११

आहे.

मुक्काम | रात्री ९:११

आहे. पोथी बंद आहे.

सतराचा_पाढा | रात्री ९:१२

सतरा एके सतरा.

गोधडी | रात्री ९:१९

पान उघडलं. हात थोडा हलतोय. नाव घेतलं. बाबांना पासबुक देऊन समोर बसवलंय, ते एकेक आकडा वाचतायत, मी टाइप करतेय. मध्येच थांबून विचारतात, "टाकलास ना?"

गोधडी | रात्री ९:२६

आता मी पडद्यावरून वाचला, शेवटाकडून सुरुवातीकडे, आणि बाबांनी पासबुकात बोट ठेवून ताडून पाहिला. जुळला. दाबलं.

पावती आली.

चष्मिष्ट | रात्री ९:२७

छान. पावतीवरचाही बघून घ्या.

गोधडी | रात्री ९:२९

बघितला. बरोबर आहे.

विसरभोळा | रात्री ९:३५

अभिनंदन. माझी किल्ली सापडली. दाराला बाहेरून लावलेली होती. दोन दिवस मी मागच्या दाराने ये-जा करतोय. शेजाऱ्यांनी बेल वाजवून हातात दिली, आणि ज्या नजरेने बघितलं ते इथे लिहिता येणार नाही.

नितळ | रात्री ९:३७

दोन दिवस किल्ली दारालाच आणि घरात चोरी नाही. आता मलाही देवाबद्दल फेरविचार करावा लागेल.

गोधडी | रात्री ९:४०

:D

@पांढरा_कोट, एक विचारायचं राहिलंच. वापरलेल्या सुया कशात टाकायच्या? सध्या कागदात गुंडाळून ठेवल्यात.

पांढरा_कोट | रात्री ९:४४

कागदात नको, कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला टोचतात. जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची बरणी घ्या, आरपार टोचणार नाही अशी. सुईचं आतलं छोटं टोपण परत लावायला जाऊ नका, तिथेच बोटाला टोचतं. बाहेरच्या मोठ्या टोपणाने फिरवून काढा आणि थेट बरणीत टाका. पाऊण भरली की झाकण आवळून दवाखान्यात नेऊन द्या. वर मोठ्या अक्षरात "सुया" असं लिहून ठेवा.

गोधडी | रात्री ९:५२

मिळाली बरणी. लिहिलं. बाबांची वेळ झाली, येते.